चतुर्थीचा प्रत्यय : मँचेस्टरच्या बससेवेची दोन शतके

'बस' हा शब्द व्याकरणाच्या दृष्टीने अपुरा आहे. लॅटिन भाषेत 'ऑम्निस' म्हणजे सर्व. त्याचे चतुर्थी विभक्तीतील अनेकवचन 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी'. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी बोलणाऱ्यांनी या लांबलचक शब्दाचा पुढचा भाग गाळून टाकला आणि शेवटचा तुकडा तेवढा ठेवला. मूळ शब्दातील 'सर्व' गळून पडले, 'साठी' शिल्लक राहिले. मराठीत हा शब्द आला तो असा खुडलेल्या रूपातच. आपण त्याला 'बसणे' या क्रियापदाशी सहज जोडून घेतले आणि तो घरचा झाला.

भाषेच्या इतिहासात असे संक्षेप नेहमीच घडतात आणि त्यांत फार अर्थ शोधू नये, हे खरे. तरीही या एका शब्दाच्या बाबतीत गळालेला भाग आणि उरलेला भाग यांचे नाते तपासून पाहण्यासारखे आहे. कारण बसच्या सामाजिक इतिहासातला मुख्य वाद तोच आहे : ही गाडी नेमकी कोणासाठी? प्रस्तुत लेखात हा प्रश्न मँचेस्टर आणि त्याच्या भोवतीच्या नगरसमूहापुरता मर्यादित ठेवला आहे. ब्रिटनमधील पहिली शहरी बससेवा याच प्रदेशात सुरू झाली असे सामान्यतः मानले जाते, आणि सुमारे दोनशे वर्षांनी, २०२३ ते २०२५ या काळात, याच प्रदेशाने बसवरचे सार्वजनिक नियंत्रण परत मिळवले. दोन्ही टोके एकाच ठिकाणी असल्यामुळे मधला प्रवास स्पष्ट दिसतो.

पेंडल्टनची गाडी

जॉन ग्रीनवुड हा सॅल्फर्डलगतच्या पेंडल्टन येथे पथकर नाक्यावर वसुलीचे काम करणारा माणूस. १८२४ साली त्याने पेंडल्टन ते मँचेस्टरचा मार्केट स्ट्रीट अशी घोड्याची गाडी सुरू केली. दूरच्या गावांना जाणाऱ्या घोडागाड्या त्यापूर्वीही होत्याच, पण त्यांत जागा आधी नोंदवावी लागे. ग्रीनवुडच्या गाडीत आगाऊ नोंदणी नव्हती आणि वाटेत कोठेही चढता-उतरता येत असे. नाक्यावर उभे राहून रोज कोण, केव्हा, कोठे जातो हे पाहणाऱ्या माणसाला ही कल्पना सुचावी, यात नवल नाही.

त्या वेळी 'ऑम्निबस' हा शब्द या वाहनाला लागलेला नव्हता. तो फ्रान्समधील नाँत शहरात, १८२६ च्या सुमारास, स्तानिस्लास बोद्री याच्या गाड्यांना मिळाला. गाड्या ज्या दुकानासमोर थांबत त्या दुकानदाराचे आडनाव ऑम्नेस होते आणि त्याने पाटीवर 'ऑम्नेस ऑम्निबस' अशी कोटी केली होती, अशी आख्यायिका सांगतात. १८२९ साली जॉर्ज शिलिबीर याने लंडनमध्ये गाडी सुरू केली आणि तेथून हा शब्द इंग्रजीत रुळला. म्हणजे मँचेस्टरला वस्तू आधी मिळाली, आणि ती 'सर्वांसाठी' आहे असे सांगणारा शब्द मागाहून आला.

याहूनही आधीचे एक उदाहरण येथे नोंदवावे लागेल. १६६२ साली पॅरिसमध्ये तत्त्वज्ञ आणि गणिती ब्लेझ पास्काल याच्या पुढाकाराने ठरावीक मार्गांवर, ठरावीक भाड्याने धावणाऱ्या गाड्या निघाल्या होत्या. पण पॅरिसच्या न्यायसभेने सैनिक, नोकरचाकर आणि मजूर यांना त्या गाड्यांत बसण्यास मनाई केली. सार्वजनिक वाहनाची कल्पना जन्मली तेव्हाच तिच्यातील 'सर्व' वगळला गेला होता. मँचेस्टरमध्ये अशी मनाई करण्याची गरज पडली नाही. ते काम भाड्याने आणि वेळापत्रकाने केले. पेंडल्टनच्या प्रवासाचे सहा पेन्स गिरणीकामगाराला रोज मोजणे शक्य नव्हते, आणि गिरणी सुरू होत असे ती पहाटे. ग्रीनवुडचे गिऱ्हाईक म्हणजे शहराच्या धुरापासून दूर घर बांधू शकणारा व्यापारी आणि त्याच्या पेढीवरचा वरच्या दर्जाचा कारकून.

एंगेल्सने पाहिलेली खिडकी

या गाड्यांचे सर्वांत मार्मिक वाचन साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या एका ग्रंथात आढळते. फ्रीडरिख एंगेल्स १८४२ च्या अखेरीस आपल्या वडिलांच्या भागीदारीतील सूतगिरणीच्या कामासाठी मँचेस्टरला आला. १८४५ साली त्याचे इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीविषयीचे पुस्तक जर्मनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मँचेस्टरचे वर्णन हे शहराचे 'वाचन' कसे करावे याचा नमुना म्हणून आजही शिकवले जाते.

एंगेल्सच्या मांडणीचा गाभा असा. शहराच्या मध्यभागी व्यापारी कचेऱ्या, तिच्याभोवती कामगारवस्त्यांचे कडे, आणि त्याही बाहेर, चीटम हिल, ब्रॉटन, पेंडल्टन अशा उंच व मोकळ्या जागी, श्रीमंतांचे बंगले. या बंगल्यांवरून दर पाव किंवा अर्ध्या तासाने शहराकडे जाणारी ऑम्निबस धावते. मालकवर्ग रोज कामगारवस्त्यांच्या मधोमध जाणाऱ्या रस्त्याने ये-जा करतो. पण त्या रस्त्यांच्या दुतर्फा दुकानांची सलग रांग असल्यामुळे मागची दैन्यावस्था त्याच्या नजरेस पडत नाही. ही रचना कोणी मुद्दाम आखलेली नव्हती हेही एंगेल्स मान्य करतो, आणि त्यामुळेच ती त्याला अधिक अस्वस्थ करते.

या वर्णनात ऑम्निबसचा उल्लेख ओझरता येतो, पण तिचे कार्य महत्त्वाचे आहे. दुकानांची रांग हा पडदा असेल, तर ऑम्निबस हे त्या पडद्यासमोरून प्रेक्षकाला सुखरूप पलीकडे नेणारे साधन आहे. पायी चालणाऱ्याला आडव्या गल्ल्यांचे तोंड तरी दिसते, वास येतो, माणसे आडवी येतात. गाडीत बसलेल्याला एक सरळ रेषा तेवढी मिळते. शहरे जोडणाऱ्या वाहनाने शहरातील दोन जगे एकमेकांपासून अलग ठेवण्यास हातभार लावला. वाहतुकीच्या इतिहासात अंतर कमी झाल्याची नोंद नेहमी असते. अंतर टिकवून ठेवल्याची नोंद घ्यायला एंगेल्ससारखा वाचक लागतो.

नगरपालिकेची मालकी

पुढची काही दशके अनेक लहानमोठ्या मालकांच्या चढाओढीची होती. १८६५ साली त्यांतील प्रमुखांनी एकत्र येऊन मँचेस्टर कॅरेज कंपनी स्थापन केली. ग्रीनवुडच्या मुलाचाही तीत वाटा होता. १८७७ साली घोड्यांच्या ट्राम आल्या. रुळांवरून तोच घोडा अधिक भार ओढू शकतो, या साध्या यांत्रिक कारणामुळे दर प्रवाशामागचा खर्च घटला आणि भाडे खाली येऊ लागले.

परंतु खरा बदल घडवला तो १८७० च्या ट्रामवे कायद्यातील एका कलमाने. खासगी कंपनीने रूळ टाकले तरी एकवीस वर्षांनंतर स्थानिक नगरपालिकेला ती ट्रामसेवा विकत घेण्याचा अधिकार या कायद्याने दिला. शतक संपता संपता ठिकठिकाणच्या नगरपालिका हा अधिकार वापरू लागल्या. जून १९०१ मध्ये मँचेस्टर कॉर्पोरेशनची विजेची ट्राम सुरू झाली. सॅल्फर्ड, बोल्टन, ओल्डम, स्टॉकपोर्ट येथेही याच सुमारास असेच घडले. पाणी आणि गॅस पुरवणारी नगरपालिका आता प्रवासही पुरवू लागली.

येथे 'ऑम्निबस' या शब्दाला प्रथमच त्याचा पूर्ण अर्थ मिळाला, आणि तोही बसला नव्हे तर ट्रामला. स्वस्त भाड्यामुळे कामगार ट्रामने कामावर जाऊ लागला, सुटीच्या दिवशी कुटुंबासह बागेत जाऊ लागला, आणि गिरणीच्या सावलीतच घर घेण्याची सक्ती सैल झाली. मोटारबस १९०६ पासून मँचेस्टर कॉर्पोरेशनकडे होती, पण दुय्यम भूमिकेत. ट्रामची जागा तिने घेतली ती १९३० नंतर. त्या वर्षी स्टुअर्ट पिल्चर या व्यवस्थापकाने शहराला वळसा घालणाऱ्या ५३ क्रमांकाच्या मार्गावरील ट्राम काढून तेथे बस आणली, आणि तो प्रयोग यशस्वी झाल्यावर ट्रामचे भवितव्य ठरून गेले. जानेवारी १९४९ मध्ये मँचेस्टर कॉर्पोरेशनची शेवटची ट्राम धावली. १९३० सालीच झालेल्या रस्ते वाहतूक कायद्याने प्रत्येक मार्गासाठी परवाना आवश्यक केला. कोणीही, कोठेही गाडी चालवावी हा काळ संपला. निदान तेव्हा तसे वाटले.

पगडी आणि गणवेश

प्रवासी म्हणून 'सर्व' आत आले, पण गाडी चालवणाऱ्यांत आणि तिकिटे देणाऱ्यांत 'सर्व' होते काय? पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेल्यावर स्त्रिया कंडक्टर झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मनुष्यबळाची टंचाई भासू लागली तेव्हा कॅरिबियन बेटे आणि भारतीय उपखंडातून आलेल्या माणसांनी ब्रिटनमधील बसगाड्या चालत्या ठेवल्या. हा प्रवेश सुखासुखी झाला नाही. ब्रिस्टॉलमध्ये १९६३ साली वर्णभेदी नोकरभरतीविरुद्ध बसवर बहिष्कार टाकावा लागला.

मँचेस्टरमधील झगडा त्याआधीचा आणि अधिक रेंगाळलेला. १९५९ साली जी. एस. सागर या शीख गृहस्थांनी कंडक्टरच्या जागेसाठी अर्ज केला. नियमाप्रमाणे कॉर्पोरेशनची टोपी घालावी लागेल असे त्यांना सांगण्यात आले. आपण निळी पगडी बांधू, तीवर कॉर्पोरेशनचा बिल्ला लावू, असे त्यांनी सुचवले, तरीही अर्ज नाकारला गेला. हा वाद समित्यांतून, नगरसभेतून आणि वर्तमानपत्रांतून सात वर्षे चालला. १९६६ साली कॉर्पोरेशनने अखेर पगडीस परवानगी दिली.

या प्रसंगाचे महत्त्व एका नियमापुरते नाही. विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद असा होता, की गणवेश सर्वांना सारखा असला पाहिजे आणि अपवाद म्हणजे पक्षपात. 'सर्वांसाठी' या शब्दाचे दोन अर्थ येथे समोरासमोर आले. पहिल्या अर्थाने, सर्वांनी एकसारखे झाल्यास सर्वांना प्रवेश. दुसऱ्या अर्थाने, जे जसे आहेत तसे सर्व. सार्वजनिक संस्थेची मालकी लोकांकडे असली म्हणजे ती आपोआप सर्वांची होत नाही, हे मँचेस्टरच्या स्वाभिमानी नगरपालिकेने स्वतःच्या उदाहरणाने दाखवून दिले. त्याचबरोबर हेही खरे, की तिच्याशी सात वर्षे भांडता आले, कारण निर्णय घेणारे लोक निवडून आलेले होते आणि त्यांना उत्तर द्यावे लागत होते.

नारिंगी गाड्या

विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रदेशाचे एक वैचित्र्य होते. वस्ती सलग, पण बससेवा गावोगावच्या. स्टेलीब्रिज, हाइड, मॉसली आणि डकिनफील्ड या चार छोट्या गावांनी मिळून एक संयुक्त मंडळ चालवले होते, तर रॅम्सबॉटमसारख्या चिमुकल्या गावाच्याही स्वतःच्या बसगाड्या होत्या. प्रत्येकाचा रंग वेगळा, बोधचिन्ह वेगळे, अभिमान वेगळा. १९६८ च्या वाहतूक कायद्यानुसार नोव्हेंबर १९६९ मध्ये अशा अकरा नगरपालिकांच्या सुमारे २,५०० बसगाड्या एका प्राधिकरणाखाली आल्या. आग्नेय लँकेशायर आणि ईशान्य चेशायर या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'सेलनेक' असे म्हणत. गाड्यांना नारिंगी आणि पांढरा रंग आला. १९७४ साली ग्रेटर मँचेस्टर हा प्रशासकीय प्रदेश अस्तित्वात आला आणि विगनच्या गाड्याही त्यात सामील झाल्या.

या एकीकरणाची किंमतही होती. गावाची बस ही गावाच्या अस्मितेचा भाग होती, ती गेली. याच काळात मागे इंजिन आणि पुढे दार असलेल्या नव्या डबलडेकर गाड्यांमुळे चालकालाच तिकिटे देता येऊ लागली आणि कंडक्टर हळूहळू नाहीसा झाला. अशा गाड्यांतील सर्वांत प्रसिद्ध 'अटलांटियन' ही लँकेशायरमधील लेलँड कंपनीची. याच कंपनीचे नाव आपल्याकडे 'अशोक लेलँड' या जोडनावाने १९५५ पासून रस्त्यावर आहे.

एकत्रित जाळ्याचा मोठा लाभ प्रवाशाला सहसा दिसत नाही, म्हणून तो येथे स्पष्ट करणे इष्ट ठरेल. गर्दीच्या मार्गावर, गर्दीच्या वेळी बसला नफा होतो. रात्री उशिरा, रविवारी, डोंगरउतारावरच्या वस्तीत तोटा होतो. एकच संस्था दोन्ही चालवत असेल तर पहिल्याच्या नफ्यातून दुसऱ्याचा तोटा भरून निघतो. वेळापत्रक हा अशा रीतीने एक अलिखित सामाजिक करार असतो. दुपारी भरलेल्या गाडीत उभा राहिलेला माणूस रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेच्या प्रवासाचा काही भाग उचलत असतो, आणि हे त्याला ठाऊकही नसते.

२६ ऑक्टोबर १९८६

हा करार मोडणे हेच पुढच्या सुधारणेचे उद्दिष्ट होते. तिच्या पुरस्कर्त्यांची बाजूही समजून घ्यावी लागेल. १९५० च्या दशकापासून बसचे प्रवासी घटत होते, मोटारी वाढत होत्या आणि अनुदानाचा बोजा फुगत चालला होता. मार्गाचा परवाना ज्याच्याकडे आहे त्याला सुधारण्याची निकड नाही, स्पर्धा आणा म्हणजे भाडी उतरतील आणि सेवा सुधारेल, असा जॉन हिब्ज यांच्यासारख्या अभ्यासकांचा युक्तिवाद होता. परिवहनमंत्री निकोलस रिडली यांनी तो उचलला. १९८५ चा वाहतूक कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनखेरीज इंग्लंडभर बससेवा नियंत्रणमुक्त झाली. बेचाळीस दिवसांची पूर्वसूचना देऊन कोणत्याही परवानाधारक मालकाने कोणत्याही मार्गावर गाडी सुरू करावी, तशाच सूचनेने ती बंद करावी. बाजाराला नको असलेल्या पण समाजाला आवश्यक अशा फेऱ्यांपुरतेच कंत्राट सार्वजनिक प्राधिकरणाने द्यावे.

मँचेस्टरच्या रस्त्यांवर याचा परिणाम तत्काळ दिसला. विद्यापीठांवरून आणि रशोमच्या दक्षिण आशियाई उपाहारगृहांवरून जाणाऱ्या विल्म्सलो रोडवर अनेक कंपन्यांच्या गाड्या एकापाठोपाठ धावू लागल्या. तेथील विद्यार्थ्याला खरोखरच स्वस्त तिकीट मिळाले. मात्र एका कंपनीचे तिकीट दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चालेना, आणि गर्दीच्या रस्त्यावरील नफा वाटून गेल्यावर आडवळणाच्या वस्तीसाठी काही उरेना. करारातला पहिला पक्ष नाहीसा झाला तेव्हा दुसरा केवळ अनुदानाच्या मेहेरबानीवर राहिला.

स्पर्धाही टिकली नाही. सार्वजनिक मालकीची 'जीएम बसेस' कंपनी १९९३ अखेर उत्तर आणि दक्षिण अशी दुभंगली गेली. १९९४ साली दोन्ही भाग कर्मचाऱ्यांनी विकत घेतले, आणि दोनच वर्षांत, १९९६ साली, उत्तर भाग 'फर्स्टबस'कडे आणि दक्षिण भाग 'स्टेजकोच'कडे गेला. बहुतेक ठिकाणी नगरपालिकेच्या मक्तेदारीची जागा खासगी मक्तेदारीने घेतली.

लंडनशी तुलना येथे अपरिहार्य होते. लंडनमध्येही गाड्या खासगी कंपन्यांकडे गेल्या, परंतु मार्ग, भाडे आणि वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार सार्वजनिक संस्थेने सोडला नाही. १९८६ नंतरच्या तीन दशकांत लंडनचा बसप्रवास सुमारे दुप्पट झाला, तर इंग्लंडमधील इतर महानगरीय प्रदेशांत तो निम्म्याहून खाली आला. या फरकाचे सारे श्रेय नियंत्रणाला देता येणार नाही. लंडनची लोकसंख्या वाढली, तेथे मोटारींवर शुल्क बसले, पैसाही अधिक ओतला गेला. पण हे बदल बसच्या उपयोगी पडावेत यासाठी कोणीतरी संपूर्ण जाळ्याचा विचार करणारे असावे लागते, आणि मँचेस्टरमध्ये तसे कोणी उरले नव्हते.

मधमाशीचे जाळे

२०१७ च्या बससेवा कायद्याने निवडून आलेल्या महापौरांच्या प्रदेशांना लंडनसारखी पद्धत स्वीकारण्याची मुभा दिली. त्याच वर्षी अँडी बर्नम ग्रेटर मँचेस्टरचे पहिले निर्वाचित महापौर झाले. मार्च २०२१ मध्ये त्यांनी निर्णय जाहीर केला. स्टेजकोच आणि रोटाला या कंपन्यांनी न्यायालयात दिलेले आव्हान मार्च २०२२ मध्ये फेटाळले गेले. २४ सप्टेंबर २०२३ रोजी बोल्टन, विगन आणि लगतच्या भागात, २४ मार्च २०२४ रोजी ओल्डम, रॉचडेल व उत्तर मँचेस्टरमध्ये, आणि ५ जानेवारी २०२५ रोजी उरलेल्या दक्षिण भागात ही पद्धत लागू झाली. गाड्या पिवळ्या-काळ्या झाल्या. जाळ्याला 'बी नेटवर्क' असे नाव मिळाले, कारण कामकरी मधमाशी हे १८४२ पासून मँचेस्टरच्या मानचिन्हातले उद्योगाचे प्रतीक आहे.

नारिंगी गाड्यांचा काळ परतला, असे मात्र म्हणता येणार नाही. गाड्या आजही खासगी कंपन्याच चालवतात, त्यांत आव्हान देणाऱ्या दोन्ही कंपन्यांचाही समावेश आहे. बदलला आहे तो अधिकाराचा आणि जोखमीचा ताबा. कंपनीला ठरलेली रक्कम मिळते. तिकिटाचे उत्पन्न प्राधिकरणाकडे जाते आणि प्रवासी घटले तर तोटाही त्याचाच. म्हणजे नफ्याच्या मार्गाने तोट्याचा मार्ग पोसण्याचा तो जुना करार पुन्हा शक्य झाला, पण तो पाळला जाईल याची हमी कायद्याने दिलेली नाही. अर्थसंकल्प आक्रसला की रात्रीची फेरी कापण्याचा मोह निवडून आलेल्या सभेलाही होतो. १९८६ पूर्वीही तो होत असे.

मग मिळाले काय? प्रश्न विचारण्याची जागा मिळाली. १९८६ ते २०२३ या काळात आपल्या वस्तीची बस का बंद झाली, असे विचारणाऱ्याला 'तो कंपनीचा व्यापारी निर्णय आहे' हे उत्तर पूर्ण आणि कायदेशीर होते. आता ते उत्तर कोणाला देता येत नाही. जी. एस. सागर यांना सात वर्षे नकार मिळाला, पण ज्यांनी नकार दिला त्यांची नावे आणि मते नोंदलेली होती, आणि म्हणून ती बदलवता आली. सार्वजनिक मालकीच्या शंभर वर्षांच्या अनुभवातून एवढे निश्चित हाती लागते, की ती न्यायाची खात्री देत नाही. ती दाद मागण्याचा दरवाजा देते, आणि तो दरवाजा बाजाराने बेचाळीस दिवसांच्या सूचनेत बदलून टाकला होता.

एंगेल्सच्या शहरातील दुकानांची ती रांग आता बरीचशी पडली आहे आणि गिरण्यांची घरे झाली आहेत. पेंडल्टनहून शहरात जाणारी बस मात्र आजही आहे. तिच्यातून प्रवास करतो तो बहुधा मोटार नसलेला माणूस : विद्यार्थी, वृद्ध, रुग्णालयात काम करणारी स्त्री, नुकताच देशात आलेला स्थलांतरित. ग्रीनवुडची गाडी ज्यांना घेत नव्हती तेच आज तिचे मुख्य प्रवासी आहेत, आणि जे तिच्यात बसत ते स्वतःच्या वाहनाने जातात. दोनशे वर्षांत गाडीतील आणि गाडीबाहेरील माणसांनी जागांची अदलाबदल केली. दोन्ही एकाच गाडीत बसलेले शहर अद्याप घडायचे आहे, आणि चतुर्थीच्या त्या प्रत्ययाला त्याचे मूळ नाम परत मिळायचे असेल तर ते तेथेच मिळेल.